बेट दोन तास पस्तीस मिनिटांवर

विमानातून घोडे समुद्रापार पोचवायचं काम मोतद्दार एकवीस वर्षं करत होता. वैमानिक अंतर किलोमीटरमध्ये सांगायचे, कागदावर ते तासांत लिहिलेलं असायचं, आणि मोतद्दार ते बादल्यांत मोजायचा. हा प्रवास घोड्यामागे चार बादल्या पाण्याचा. तिसरी बादली संपली की पलीकडचा किनारा आला म्हणायचा. या खेपेला कागदावर होतं: नऊ हजार दोनशे किलोमीटर, अकरा तास चाळीस मिनिटं, वारा समोरून. सकाळी निघून सूर्याच्या मागे मागे जायचं, त्यामुळे पलीकडे उतरतानाही उजेडच असणार होता.

माल तीन जनावरांचा. मागच्या पेटीत दोन घोड्या, दोन्ही म्हाताऱ्या प्रवासी, विमानाला इतक्या सरावलेल्या की चाकं जमिनीवरून उचलली तरी तोंडातला चारा चघळत राहायच्या. पुढच्या पेटीत एकटा लाडोबा. कुमैत, म्हणजे गडद तांबड्या रंगाचा, पाच वर्षांचा नर, खांद्यापाशी मोतद्दाराच्या टाळूएवढा उंच. कागदावर त्याचं नाव चार शब्दांचं आणि चांगलंच भारदस्त होतं, पण पागेत ते कुणी घेत नसे. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी त्याची आई गेली. मोतद्दाराने चाळीस दिवस त्याच्या शेजारी गवतावर अंथरूण टाकून त्याला बाटलीने दूध पाजलं. तेव्हापासून तो लाडोबा. लाडाने बिघडलाही तसाच. एका रखवालदाराच्या बोटाचं टोक त्याने गाजरासारखं तोडलं होतं. तोंडाला हात लावू द्यायचा फक्त दोघांना, मोतद्दाराला आणि मोतद्दाराच्या धाकट्या भावाला.

हा धाकटा त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला वाढवलं मोतद्दाराने, आणि घोड्यावर बसवलं तेही त्यानेच. मोठा झाल्यावर तो जॉकी झाला, बऱ्या शर्यती मारल्या, दोनदा गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं आणि मग जमिनीवर आला. आता तो पागेच्या मालकाचा उजवा हात होता. नऊ दिवसांनी समुद्रापलीकडे मोठी शर्यत होती, तीत लाडोबा धावणार होता, आणि शर्यतीच्या कागदावर प्रशिक्षक म्हणून आयुष्यात पहिल्यांदा धाकट्याचं नाव छापून येणार होतं. गेला महिनाभर तो जमिनीपासून चार बोटं वरच चालत होता.

माणसांत तिसऱ्या डॉक्टरीणबाई. जनावरांच्या डॉक्टर, अंगाने लहान चणीच्या, आवाजाने भरभक्कम.

"मोतद्दार," त्या विमानाच्या उतरणीवर उभ्या राहून म्हणाल्या, "घोडा माझं ऐकत नाही, घरी नवरा ऐकत नाही. निदान तुम्ही तरी ऐका. निघायच्या आधी अर्धा तास औषध पोटात गेलं पाहिजे."

"बाई, मी या दोघींना चढवतोय. धाकट्याकडे द्या. त्याला तोंड उघडू देतो लाडोबा."

औषध म्हणजे नळीतलं मलम. जिभेखाली पिळायचं, की घोडा शांत होतो, मान खाली घालतो, खालचा ओठ लोंबतो. धाकटा नळी घेऊन लाडोबाच्या पेटीत शिरला आणि दोन मिनिटांत रिकामी नळी घेऊन बाहेर आला. बाईंनी वहीत लिहिलं: नऊ वीस, पूर्ण नळी, आणि पुढे धाकट्याची सही घेतली.

विमान वर चढलं. चढ संपल्यावर मोतद्दार पट्टा सोडून मागे गेला. मालाच्या भागात थंडी होती, यंत्रांचा एकसुरी घरघराट होता. लाडोबाच्या डोक्याशी, पेटीच्या आतच, माणूस उभा राहील एवढी चिंचोळी जागा होती. घोडा आणि माणूस यांच्यामध्ये छातीच्या उंचीवर एक जाड दांडा. मोतद्दाराने त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गरम होतं. कान सारखे पुढे-मागे हलत होते.

"बाई," परत येऊन तो म्हणाला, "याचा ओठ लोंबत नाहीये."

"पूर्ण नळी गेलीय. अजून द्यायचं म्हणजे विषाशी खेळ."

"तो तसाच आहे, दादा," धाकटा म्हणाला. "त्याला औषध चढायला वेळ लागतो."

मोतद्दाराने मान हलवली. धाकट्याला घोड्यातलं कळत होतं. त्यानेच शिकवलं होतं.

पहिली बादली गेली. दुसरी अर्धी गेली. बाईंनी आणलेले डबे तिघांनी खाल्ले. सहवैमानिक, एक हसरा तरणा माणूस, चहाचा पेला घेऊन मागे येऊन घोड्यांना बघून गेला आणि म्हणाला की यांना आमच्यापेक्षा जागा जास्त आहे.

पाच तास दहा मिनिटं झाली असतील. विमानाला हादरा बसला. फार मोठा नव्हता. मोतद्दाराने असे शेकडो खाल्ले होते. पण त्यापाठोपाठ दुसरा बसला, आणि पेट्यांमागे बांधलेल्या सामानाचा एक पट्टा तुटून त्याची लोखंडी कडी पत्र्यावर आपटली. बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. त्याच क्षणी लाडोबा मागच्या पायांवर उभा राहिला.

मोतद्दार धावला. तो पोचेपर्यंत घोड्याचे पुढचे दोन्ही पाय छातीच्या दांड्यावरून पलीकडे आले होते आणि सबंध धूड त्या दांड्यावर टांगल्यासारखं झालं होतं. मागचे पाय पेटीचा पत्रा तुडवत होते. एकेका लाथेबरोबर पत्रा बाहेर फुगत होता, आणि त्या पत्र्यापलीकडे वीतभर जागा सोडून विमानाची स्वतःची भिंत होती.

"ए लाडोबा! ए बाळा! हो, हो, हो..."

आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. डोळ्यांचं पांढरं तेवढं दिसत होतं. मोतद्दार त्या चिंचोळ्या जागेत घुसला, तोंडावर बांधलेल्या मोरखीचा दोर पकडला आणि डोकं खाली ओढायला लागला. घोड्याने मान झटकली. मोतद्दार खांबावर आदळला. पुन्हा उठला. या वेळी लाडोबाने त्याचा दंड दातांत धरला, जाड कोटासकट धरला आणि उंदीर हलवावा तसा त्याला हलवला. आत काहीतरी फाटल्याचं मोतद्दाराला कळलं, दुखलं मात्र नाही. बोटांवरून गरम रक्त उतरलं, दोर ओला होऊन हातातून घसरायला लागला.

मागे घोड्या बिथरल्या. एकीने खिंकाळी फोडली, दुसरीने धडधड लाथा सुरू केल्या.

बाई सुई घेऊन आल्या. बाजूच्या फटीतून हात घालून त्यांनी मानेत औषध टोचलं. "अर्धंच देतेय," त्या ओरडल्या. "आधीचं पोटात आहे! पूर्ण दिलं तर काळीज बंद पडेल!"

तिघांनी वाट पाहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. घोडा शांत होण्याऐवजी जास्तच पेटला. दांड्याच्या कडेने त्याच्या काखेतली कातडी सोलून निघाली होती आणि लाल मांस उघडं पडलं होतं. तोंडाचा फेस गुलाबी झाला होता.

सहवैमानिक आला. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"कॅप्टन विचारताहेत, आवरेल का? परत फिरायचं तर साडेचार तास. पुढे जायचं तर साडेसहा. वाटेत एक बेट आहे, तिथे आपल्याला पुरेल अशी धावपट्टी आहे. दोन तास पस्तीस मिनिटं."

"दोन तास?" बाई म्हणाल्या. "वीस मिनिटं निघाली तर देव पावला म्हणायचं. तो मागचा पत्रा बघा."

पत्र्याला भोक पडलं होतं. त्यातून खूर बाहेर यायचा, विमानाच्या भिंतीला टेकायचा आणि आत जायचा. सहवैमानिकाने ते पाहिलं आणि तो पांढरा पडला.

"बाई, दुसरा अर्धा द्या," मोतद्दार म्हणाला.

"सांगितलं ना! सकाळची पूर्ण नळी..."

मोतद्दाराने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा पेटीच्या कोपऱ्याशी उभा होता. घोड्याला धरायला तो अजून पुढे आला नव्हता. त्याचे ओठ हलत होते आणि नजर जमिनीला खिळली होती. सहाव्या वर्षी दुधाचं भांडं लवंडल्यावर तो असाच उभा राहायचा.

"धाकट्या. नळी दिलीस ना?"

धाकटा अर्धं पाऊल मागे सरला.

"दिलीस का नाही?"

"दादा, उतरल्यावर रक्त काढणार होते. नऊ दिवसांत सगळं निघून जाईल याची खात्री कोण देणार? रक्तात काही सापडलं असतं तर शर्यतीतून बाद. मला वाटलं, एवढ्या वेळा विमानात बसलाय तो..."

"नळी कुठे गेली?"

"हातमोज्यात पिळली. मोजा टाकून दिला."

बाईंनी त्याला एक शिवी दिली. त्यांच्या तोंडून असा शब्द मोतद्दाराने कधी ऐकला नव्हता. मग त्या लगेच वळल्या, मोठी सुई भरली आणि या वेळी फटीतून न जाता समोरून, दांड्याखाली वाकून शिरल्या. "डोकं धरा," त्या म्हणाल्या. मोतद्दाराने बरा हात दोराला घातला. सुई मानेत शिरलीही. पण घोडा एकदा असा पेटला की औषध त्याला लागत नाही, हे बाईंना माहीत होतं आणि मोतद्दारालाही. तासाभरापूर्वी जे लागलं असतं ते आता पाण्यासारखं निघून गेलं. लाडोबाने पुढचा पाय झाडला. नाल ठोकलेला खूर बाईंच्या छातीवर बसला, तिथून त्या मागे उडाल्या आणि खांबाच्या कोनावर त्यांचं डोकं आपटलं. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज आला. त्या खाली बसल्या, डोळ्यावरून रक्ताचा ओघळ आला, आणि त्या एका कुशीवर कलंडल्या.

सहवैमानिकाने त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं.

मोतद्दारही बाहेर आला. पट्टे आवळायचा हातभर लांबीचा लोखंडी दांडा पेटीच्या कडीला लटकत होता. तो केव्हा हातात घेतला हे पुढे त्याला कधीच आठवलं नाही. धाकटा म्हणाला, "दादा, मी..." आणि मोतद्दाराने तो दांडा त्याच्या जबड्यावर मारला.

धाकटा उभाच्या उभा कोसळला. तोंडातून दोन दात आणि रक्ताची लाळ पत्र्यावर पडली. मोतद्दाराने दांडा टाकला आणि लाथ घातली, बरगडीत, मग पोटात, मग पाठीत. मागे घोडा पत्रा फोडत होता आणि इकडे तो भावाला तुडवत होता, आणि दोन्हींचा ताल एकच झाला होता. सहवैमानिक मागून गळ्याला मिठी घालून त्याला ओढत होता. "सोडा! मरेल तो! अहो, सोडा!"

धाकट्याने हात वर केले नाहीत. डोकं गुडघ्यांत घेऊन, मुटकुळं करून तो पडून राहिला. मार कसा खायचा हे त्याला पाठ होतं. मोतद्दार थांबला तेव्हा त्याने तोंड वर केलं. जबडा एका बाजूला सरकला होता, शब्द नीट फुटत नव्हते.

"घोड्यावर कधी हात उचलला नाहीस," तो म्हणाला. "तीस वर्षांत एकदाही नाही. सगळ्यांना सांगत फिरतोस. मला मात्र रिकिबीतून पाय सुटला की छडी. मला छडी, दादा. घोड्याला गूळ."

मोतद्दार धापा टाकत उभा राहिला. धाकटा म्हणत होता ते खरं होतं. पागेतल्या नव्या माणसांना तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा की जनावरावर हात टाकणाऱ्याला मी उभा करत नाही. त्याच पागेच्या मागे, वाळूच्या रिंगणात, सात वर्षांच्या भावाच्या पोटऱ्यांवर त्याने वळ उठवले होते. जॉकी करायचा तर असंच, असं तो तेव्हा स्वतःला समजावत असे.

तेवढ्यात पेटीतून वाळकी फांदी तुटल्यासारखा आवाज आला. लाडोबाचा पुढचा डावा पाय दांडा आणि खांब यांच्यात अडकला होता आणि घोड्याने सगळा भार त्यावर टाकला होता. गुडघ्याखाली हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं, स्वच्छ पांढरं. तरी तो लाथा झाडतच होता. मोडलेला पाय लोंबत, फिरत होता.

बाईंनी एक डोळा उघडला. दुसरा रक्ताने मिटला होता.

"मोतद्दार," त्या म्हणाल्या, "माझी पेटी. लाल पट्टीची बाटली. दोन मोठ्या सुया. भरता येतात ना?"

"येतात."

"मानेची शीर. दोन्ही, एकापाठोपाठ. मला उठता येत नाहीये. तुम्हालाच करावं लागेल."

मोतद्दाराने सुया भरल्या. उजवा दंड फाटलेला होता, म्हणून एक सुई दातांत धरली. पण एका हाताने दोर आणि सुई दोन्ही सांभाळणं शक्य नव्हतं. सहवैमानिक पुढे झाला. घोड्याने मान फिरवून त्याच्यावर दात चालवले आणि तो मागे हटला. बिचाऱ्याने जन्मात घोड्याला हात लावला नव्हता.

मग धाकटा उठला. एका हाताने जबडा सावरत, भिंतीला धरून तो पेटीत शिरला. त्याने दोर उचलला, खांबाला दोन वेढे दिले, आणि घोडा डोकं खाली आणेल तसा तसा एकेक वीत दोर आवळत गेला. जॉकी होता तो, कुठल्या क्षणी ओढायचं हे त्याला कळत होतं. लाडोबाचं डोकं खांबाला चिकटलं. धाकट्याने आपलं कपाळ घोड्याच्या गालाला टेकवलं आणि फुटक्या तोंडाने त्याच्या कानात काहीतरी पुटपुटायला लागला. रक्त कुणाचं कुठलं ते कळत नव्हतं.

"मार," तो म्हणाला.

मोतद्दाराने शीर चाचपली. अंगठ्याखाली ती दोरखंडासारखी उडत होती. पहिली सुई दिली. दुसरी दिली. घोड्याने एकदा खोल श्वास घेतला, सबंध विमानातली हवा ओढून घ्यावी तसा. लाथा थांबल्या. मग मागचे पाय दुमडले, आणि पाच-साडेपाचशे किलोंचं ते धूड दांड्यावरून घसरत खाली बसलं. पेटी हादरली. डोकं तेवढं दोरावर वर राहिलं. धाकट्याने वेढे सोडले आणि ते दोन्ही हातांनी धरून हळूच खाली ठेवलं.

मोतद्दाराने त्याच्या डोळ्याच्या बुबुळाला बोट लावलं. पापणी हलली नाही.

"गेला," तो बाईंना म्हणाला.

"वेळ लिहा," बाई म्हणाल्या आणि त्यांची शुद्ध हरपली.

आता घोड्यासाठी बेटावर उतरायची गरज उरली नव्हती. पण बाईंचा श्वास उथळ चालला होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर छातीत काहीतरी करकरत होतं. कॅप्टनने विमान केव्हाच वळवलं होतं. सहवैमानिक म्हणाला, "आता दोन तास पाच मिनिटं."

एवढी वर्षं अकरा-अकरा, बारा-बारा तास मोतद्दाराने सहज काढले होते. ही दोन तास पाच मिनिटं निघता निघेनात. तो बाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसला, सहवैमानिकाने दिलेला कापसाचा बोळा जखमेवर दाबून. दर थोड्या वेळाने त्या डोळा उघडायच्या आणि विचारायच्या, "किती राहिलं?" तो सांगायचा, "आलंच, बाई." चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "तुमचं आलंच मागच्या तासापासून चालू आहे." तेव्हा त्याला जरा धीर आला.

धाकटा घोड्यांपाशी होता. त्याने त्यांना पाणी दाखवलं, घाम पुसला, एकीच्या पायाला बसलेला ओरखडा धुतला. वाटेत पडलेला लोखंडी दांडा उचलून त्याने जागच्या जागी कडीला अडकवला. भावाकडे त्याने पाहिलं नाही.

बेट म्हणजे एक धावपट्टी, दोन शेड आणि एक बसकी इमारत. वारा एवढा की उभं राहणं कठीण. रुग्णवाहिका बाईंना घेऊन गेली. मोतद्दाराच्या दंडाला एका नर्सने तिथेच अकरा टाके घातले आणि धाकट्याचा जबडा डोक्यावरून पट्टी घेऊन बांधला. मग दोघांना एका खोलीत नेलं. टेबलामागे विमानतळाचा अधिकारी बसला होता, सावकाश बोलणारा, पोक्त माणूस. समोर बाईंची वही उघडी होती. सहवैमानिक तेव्हा बाईंबरोबर दवाखान्यात गेलेला होता, त्याचा जबाब अजून व्हायचा होता.

"हे तोंडाला काय झालं?" अधिकाऱ्याने धाकट्याला विचारलं.

"घोड्याने लाथ मारली," धाकटा पट्टीतून म्हणाला.

"आणि औषधाचं? इथे लिहिलंय नऊ वीस, पूर्ण नळी. सही तुमची."

"दिलं होतं. कधी कधी लागत नाही."

मग त्याने मोतद्दाराकडे पाहिलं. उतरल्यापासून पहिल्यांदाच. त्या नजरेत काय होतं ते मोतद्दाराला स्वच्छ कळलं. तुझं मी झाकलंय, माझं तू झाक. सोपं होतं. सहवैमानिक परका माणूस, दोघा भावांनी एकच सांगितलं तर तो कशाला भांडत बसणार? आणि लाडोबा काही उठून सांगणार नव्हता.

"साहेब," मोतद्दार म्हणाला, "घोड्याने नाही. मी मारलं त्याला. लोखंडी दांड्याने. तो पडल्यावर लाथाही घातल्या."

अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली. "का?"

मोतद्दाराने एकदा भावाकडे पाहिलं. धाकट्याने डोळे मिटून घेतले होते.

"कारण औषध दिलंच नव्हतं. पण ते मारल्याचं कारण म्हणून लिहू नका. ते वेगळं लिहा. मारायची मला जुनी सवय आहे, तो लहान होता तेव्हापासूनची. हेही लिहा हवं तर."

"हे लिहिता येत नाही," अधिकारी म्हणाला. पण बाकीचं त्याने सगळं लिहून घेतलं.

घोड्या अजून विमानात उभ्या होत्या, आणि घोड्यांचा कुणी माणूस सोबत असल्याशिवाय कॅप्टन उडायला तयार नव्हता. त्या जबाबामुळे मोतद्दाराला बेटावरून हलता येणार नव्हतं. शेवटी धाकटाच निघाला, बांधलेल्या तोंडाने. लाडोबाची पेटी उतरवून शेडमध्ये नेली होती. बाहेरदेशीचं जनावर, रोगराईचे नियम, म्हणून त्याला तिथेच भट्टीत जाळायचं ठरलं. मोतद्दाराने शेपटीचे चार केस मागितले. या जनावराचं काहीच बाहेर नेता येत नाही, असं उत्तर मिळालं.

शिडीपाशी दोघे क्षणभर समोरासमोर आले.

"पांढऱ्या पायाची आहे ना," मोतद्दार म्हणाला, "तिला उतरताना कान दाबून धरावा लागतो. नाहीतर घाबरते."

धाकट्याने मान हलवली आणि तो वर गेला.

पुढे व्हायचं ते झालं. मालकाने दोघांनाही काढलं. शर्यतवाल्या मंडळाने धाकट्याला तीन वर्षं कुठल्याही घोड्याच्या कागदावर नाव घालायला बंदी केली. त्याने भावाविरुद्ध तक्रार दिली नाही, पण मोतद्दाराचा स्वतःचाच कबुलीजबाब होता. बेटावरच्या न्यायाधीशाने त्याला दोन महिने आत ठेवलं, आणि कुठल्याच विमान कंपनीने त्याला पुन्हा घोड्यांबरोबर चढू दिलं नाही. डॉक्टरीणबाई वाचल्या. डाव्या डोळ्याने त्यांना आता अंधुक दिसतं. त्यांनी आपल्या अहवालात स्वतःचंही नाव घातलं. ओठ लोंबत नाहीये असं मोतद्दाराने सांगूनही मी उठून पाहिलं नाही, असं लिहिलं.

सव्वा वर्षाने मोतद्दार धाकट्याच्या घरी गेला. न कळवता गेला, कारण कळवलं असतं तर नको म्हणाला असता. दार भावजयीने उघडलं. तिने वाट दिली. धाकटा टेबलाशी जेवत बसला होता. जबडा वाकडाच सांधला होता. तो घास एका बाजूला घेऊन सावकाश चावत होता, आणि अधूनमधून कानाखाली कट्कन आवाज व्हायचा.

मोतद्दार उभाच राहिला.

"मी तुला मारायला नको होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी नाही, आणि लहानपणीही नाही. छडीने तू जॉकी झालास असं मला वाटायचं. तू झाला असतासच."

धाकट्याने घास संपवला. वेळ लागला त्याला.

"तू साहेबासमोर माझं नाव घेतलंस ते बरोबर केलंस," तो म्हणाला. "ते मला मान्य आहे. घोडा माझ्यामुळे गेला. रोज डोळ्यांसमोर येतो. पण मारल्याचं अजून माझं ठरत नाहीये, दादा. माफ करावं की नाही ते."

"बरं," मोतद्दार म्हणाला आणि दाराकडे वळला.

"जेवलायस का?"

"नाही."

"मग कुठे निघालास? बस."

भावजयीने ताट मांडलं. दोघे समोरासमोर बसून जेवले.